काट्या जे बोलला

बसस्थानकातल्या काचेच्या खोलीत बसून तिने अकरा वर्षं गाड्यांच्या वेळा सांगितल्या. एक खुर्ची, एक माइक, वेळापत्रकांचा जाडजूड गठ्ठा आणि खिडकीखाली एक बुटकं बाकडं, एवढीच ती खोली. बाकडं हरवलेल्या मुलांसाठी होतं. गर्दीत आईबापांचा हात सुटलेलं पोर कोणाला सापडलं की ते तिच्याकडे आणून बसवायचे, आणि पुढचं तिच्यावर सोडून द्यायचे.

त्या बाकड्याने तिला पुष्कळ शिकवलं. रडणाऱ्या पोराला नाव विचारण्यात अर्थ नसतो, ते नाव सोडून बाकी सगळं सांगतं. पोलिसाच्या हवाली करीन म्हणून दम दिलेलं पोर तर आणखीच अवघड. ते पुढच्या वेळी हरवलं की हाकेला ओ देत नाही, कुठेतरी सांदीत शिरून बसतं, आणि मग ते शोधता शोधता सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून हरवलेल्या पोराची घोषणा करताना ती वेगळाच आवाज काढायची. घशाच्या वरच्या टोकातून येणारा, नाकात जरासा अडकणारा, एखाद्या आगाऊ कार्ट्याचा आवाज.

"अहो लाल स्वेटरवाल्या बाई! तुमचा मुलगा इथे मजेत आहे. माझी बिस्किटं त्याने संपवत आणलीत. मी उपाशी मरायच्या आत या बरं!"

सगळं स्थानक हसायचं. बाकड्यावरचं पोर रडणं विसरून तिच्या तोंडाकडे टकामका बघत राहायचं.

अशाच एका दुपारी कार्टून बनवणारा एक दिग्दर्शक फलाटावर उशिरा येणाऱ्या गाडीच्या नावाने बोटं मोडत उभा होता. घोषणा ऐकून तो सरळ काचेच्या खोलीत घुसला.

"मघाशी बोलला तो मुलगा कुठे गेला?"

"कुठला मुलगा?"

"आत्ता बोलला तो! बिस्किटांवाला!"

तिने माइक बंद केला आणि त्याच आवाजात म्हणाली, "आत यायला मनाई आहे, पाटी वाचता येत नाही का?"

त्याची गाडी आली आणि गेली, तो तिथेच राहिला. अशा रीतीने काट्याला आवाज मिळाला.

काट्या म्हणजे साळिंदराचं पिल्लू. घाबरला की त्याचे काटे फुलायचे आणि तो दारात अडकायचा, ही त्याची कायमची फजिती. शेजारी ढिम्मकाका नावाचं म्हातारं कासव राहायचं, ते त्याला दर वेळी ओढून बाहेर काढायचं. दिसायला साधं कार्टून, पण मुलांनी ते डोक्यावर घेतलं. दप्तरं, डबे, पेन्सिलींची टोकं, जिकडे तिकडे काट्या. तिने बसस्थानकाची नोकरी सोडली आणि रोज सकाळी स्टुडिओत जायला लागली. स्टुडिओत सगळे तिला आत्या म्हणत. तिची भाची लहानपणी तिच्याबरोबर यायची आणि तिथल्या सोफ्यावर लोळत "आत्या, अजून किती वेळ?" म्हणून पिरपिर करायची. तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

भाचीला घरात चिवी म्हणत. ती दोन वर्षांची असताना तिची आई आजारपणात गेली. तेव्हापासून आत्या, आत्याचा धाकटा भाऊ आणि चिवी असे तिघे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताला यश असलेला माणूस. मोटरच्या नुसत्या आवाजावरून तो दुखणं ओळखायचा. चिवी सहा वर्षांची असताना तो कामावर पडला. उंचावरून नाही, पुरुषभर उंचीवरूनच, पण पाठीवर पडला आणि मणका दुखावला.

डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. त्या संपल्या, दुखणं संपलं नाही. पुढच्या गोळ्या कुठून आल्या हे आत्याला बरेच दिवस कळलं नाही, आणि कळलं तेव्हा त्या पाठीसाठी राहिल्या नव्हत्या. तो दुपारी बसल्या जागी मान टाकायचा. बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडायचा. एकदा दूध तापत ठेवून तो झोपी गेला. पातेलं जळून कोळसा झालं, शेजाऱ्यांनी दार बडवलं म्हणून निभावलं. एकदा चिवी शाळेतून आली तेव्हा त्याने दारच उघडलं नाही. आत्या स्टुडिओतून परतली तर पोरगी जिन्याच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली.

"किती वेळ बसलीस गं?"

"खालच्या काकूंचे कपडे वाळत घातले होते, ते वाळले," चिवी म्हणाली.

आत्याने भावाला त्या दिवशी फैलावर घेतलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला, हो हो म्हणाला. चिवीला मात्र तिने तेच सांगितलं जे पहिल्यापासून सांगत आली होती. बाबांची पाठ दुखते. बाबांना झोप येते. शाळेत कोणाला काही सांगू नकोस.

अशात आरोग्य खात्याचं काम आलं. शाळकरी मुलांमध्ये नशेचं प्रमाण वाढतंय, त्यांच्या आवडीच्या कार्टूनकडून त्यांना सावध करावं, अशी कल्पना होती. काट्याहून आवडीचं कोण? दिग्दर्शक खूश झाला. चार मिनिटांची फिल्म. जंगलात नशेचा राक्षस येतो, काट्या सगळ्या पिल्लांना गोळा करतो आणि ताल धरून ओरडतो:

"लाल डोळे, लटपट पाय, राक्षस दिसला, पळत जाय!"

आत्याने कागद हातात घेतला आणि उभ्यानेच वाचला. राक्षसाचं चित्रही सोबत होतं. डोळे लाल, पाय वाकडे, मान एका बाजूला पडलेली. तिला ती मान ओळखीची वाटली. मुलांच्या भल्याचंच काम आहे, असं ती मनाशी म्हणाली. सफरचंदाची फोड चावून तोंडातला चिकटपणा घालवला, कानांवर हेडफोन चढवले, आणि तिसऱ्या खेपेला असा काही सूर लागला की काचेपलीकडचे सगळे टेबलावर ठेका धरून नाचायला लागले.

फिल्म शेकडो शाळांत गेली. महिनाभरात ते यमक पोरांच्या तोंडी झालं. दोरीवरच्या उड्या त्याच्यावर, पकडापकडी त्याच्यावर. रस्त्यावरून कोणी जरा लंगडत जाताना दिसलं की मागून कोरस सुरू. दिग्दर्शक म्हणाला, "आत्या, इतकं गाजलेलं काम आपण आजवर केलं नव्हतं." ते खरंच होतं.

चिवी तेव्हा आठ वर्षांची होती. फिल्म शाळेत दाखवली त्या दिवशी ती घरी काही बोलली नाही. एरवी काट्याच्या दर भागानंतर ती आत्याच्या मागे लागायची, हा आवाज कसा काढलास, तो कसा काढलास. यावेळी गप्प. फक्त जेवताना ती बाबांच्या डोळ्यांकडे बघायची आणि बाबांनी वर पाहिलं की नजर ताटात घालायची. आत्याच्या हे लक्षात आलं होतं. पण काम होतं, घाई होती, आणि खरं सांगायचं तर विचारायची छाती नव्हती.

पुढच्या आठवड्यात भावाच्या मनाने उचल खाल्ली. सकाळी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि म्हणाला, "ताई, आज चिवीला शाळेतून मी आणतो." चार दिवस त्याने गोळीला हात लावला नव्हता. हात थरथरत होते, पाठ ठणकत होती, रात्रीची झोप नसल्याने डोळे तांबारले होते. पण माणूस शुद्धीवर होता आणि लेकीला आणायला निघाला होता. आत्याला इतकं बरं वाटलं की तिने त्याच्या शर्टाची कॉलर नीट करून दिली.

शाळा सुटली तेव्हा तो फाटकापाशी उभा होता. पाठीत चमक भरली म्हणून त्याने कठड्याला धरलं आणि वाकडा होत दोन पावलं टाकली. तेवढं पुरलं. कोणीतरी सुरुवात केली आणि वीस-पंचवीस पोरांनी टाळ्यांवर धरलं. "लाल डोळे, लटपट पाय..."

चिवी पायऱ्या उतरत होती. तिने बापाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि मागे वळून शाळेत पळाली.

तासाभराने स्टुडिओत फोन आला. मुलगी सापडत नाहीये. आत्या पोचली तेव्हा शिपाई, दोन शिक्षिका आणि भाऊ यांनी सगळे वर्ग पालथे घातले होते. भाऊ पायरीवर बसून होता, तोंड पांढरंफटक. "ताई, ती माझ्यापासून पळाली," एवढंच तो म्हणत होता, पुन्हा पुन्हा.

"नावाने हाका मारणं बंद करा," आत्या शिक्षिकांना म्हणाली. "ती लपलीय. हाकेने आणखी आत शिरेल." अकरा वर्षांचा अनुभव होता. तिने घसा साफ केला आणि रिकाम्या व्हरांड्यातून काट्याच्या आवाजात बडबडत निघाली. "अरे देवा, माझे काटे या दारात अडकले की काय! कोणी ओढेल का मला? ढिम्मकाका तर बाजारात गेलेत..."

वर्ग झाले. प्रयोगशाळा झाली. खेळाच्या सामानाची खोली आली. चटया एकावर एक रचलेल्या, मागे भिंतीशी हातभर फट. त्या फटीतून एका बुटाचं टोक दिसत होतं. आत्याच्या जिवात जीव आला. ती खाली बसली आणि तोच आवाज आणखी गोड केला. "कोण बरं बसलंय इथे?"

बुटाचं टोक झटक्यात आत गेलं.

"मी आहे, काट्या! घाबरतेस काय?"

"काट्या नको," चटयांमागून आवाज आला. बारीक, चिडका. "काट्याला जायला सांग. काट्या बाबांना राक्षस म्हणाला."

काट्याचा आवाज ऐकून हसलं नाही असं पोर तिने तोवर पाहिलं नव्हतं. ती चटयांपासून जराशी मागे सरकली. मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "काट्या गेला. मी आत्या आहे."

बऱ्याच वेळाने चिवी बाहेर आली. केसांना कोळिष्टकं, गालांवर धुळीचे ओघळ. आत्याने तिला जवळ घेतलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो हा: "बाबा ओरडतील का?"

बाबा ओरडले नाहीत. घरात आल्यावर भावाने स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी खुर्ची ओढली, लेकीला समोर बसवलं आणि दीड वर्षात जे कोणी बोललं नव्हतं ते बोलला.

"चिवे, मी राक्षस नाही. पण नुसती पाठ दुखते हेही खरं नाही. मी गोळ्या खातो. डॉक्टरांनी सांगितल्या त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. त्या नाही खाल्ल्या की अंगाचं पाणी पाणी होतं, म्हणून परत खातो. मला ते सोडता येत नाहीये."

"आज खाल्लीस?"

"नाही. चार दिवस नाही."

"मग डोळे लाल का?"

"झोप नाही लागली म्हणून."

चिवीने हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग ती आत्याकडे वळली. "म्हणजे काट्या खोटं बोलला."

आत्याला सुटायला एक वाट होती. कागद लिहिणारा वेगळा, चित्र काढणारा वेगळा, पास करणारं खातं वेगळं. ती म्हणाली, "काट्या नाही गं. मी बोलले. समोर लिहिलेलं होतं ते वाचून मोकळी झाले. वाचताना मला खटकलं होतं, तरी बोलले."

"मग परत बोल ना. बरोबर बोल."

आठ वर्षांच्या मुलीला ते इतकं सोपं वाटलं. आत्याला मात्र ते बोलायला पाच महिने लागले.

दिग्दर्शकाने आधी हात झटकले. "फिल्म बाहेर गेली, आत्या. आता काय घरोघरी जाऊन परत मागू?" आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई त्या कामाच्या प्रमुख होत्या. त्यांची वेळ मिळायलाच तीन आठवडे गेले. त्यांच्या टेबलावर फायलींचा डोंगर, त्याच्या आड त्यांचा चष्मा तेवढा दिसे. आत्याने खेळाच्या खोलीतला प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "वाईट झालं. पण हे एका मुलीचं झालं ना? हजारो मुलांनी फिल्म पाहिली, त्यांना धाक तर बसला."

"बाई, मी अकरा वर्षं हरवलेली पोरं सांभाळलीत," आत्या म्हणाली. "धाक बसलेलं पोर सुरक्षित नसतं, लपलेलं असतं. ज्यांच्या घरात हे चाललंय ती पोरं आता कोणाला सांगतील? माझा बाप राक्षस आहे म्हणून? आणि मी सांगू का, दीड वर्ष मीच तिला सांगत होते, शाळेत बोलू नकोस. मी वेगळं काय केलं?"

डॉक्टरीणबाईंनी समोरच्या फायली बाजूला सारल्या. मग त्यांनी सरळ विचारलं, "बरं. मग काट्याने काय म्हणायला हवं?"

आत्या तो प्रश्न घेऊनच घरी आली.

उत्तर थोडंफार मिळालं ते भावाकडून. एव्हाना तो उपचार केंद्रात चाळीस दिवस राहून आला होता. आत्याने त्याला स्टुडिओत नेलं. लाजत, पाठ भिंतीला टेकवून तो सोफ्याच्या कडेवर बसला. दिग्दर्शकाने पहिल्या फिल्ममधला राक्षस पडद्यावर आणला तेव्हा तो हसला.

"असला कोणी मला भेटला असता तर मीही पळालो असतो हो," तो म्हणाला. "डॉक्टरांच्या गोळ्या संपल्यावर पहिली गोळी मला दिली ती माझ्याबरोबर काम करणाऱ्या मित्राने. जिन्यात बसून. माझी पाठ बघवेना म्हणून दिली त्याने. त्याचे डोळेही लाल नव्हते आणि पायही लटपटत नव्हते. चांगला माणूस आहे तो. तुम्ही पोरांना राक्षस दाखवाल तर ती राक्षसच शोधत बसतील, आणि मित्र येऊन हातावर ठेवून जाईल."

दिग्दर्शक इतका वेळ पेन्सिल टेबलावर आपटत होता, ती थांबली.

"आणि घरातल्या पोरांचं काय?" आत्याने विचारलं.

"ते चिवीला विचार," भाऊ म्हणाला. "ते मला नाही माहीत. मी झोपलेला होतो."

चिवीने सांगितलं ते एका वाक्यात. काट्याच्याच घरी असं होऊ दे, मग तो कोणाला हसणार नाही.

काट्याला घरचं म्हणून कोणी होतं तर ते ढिम्मकाका. तेव्हा दुसऱ्या फिल्ममध्ये ढिम्मकाकांचं कवच दुखावतं. एक हसतमुख दोस्त त्यांना झोपेच्या बिया आणून देतो. काट्या दारात अडकतो आणि पहिल्यांदाच त्याला ओढायला कोणी येत नाही. तो सगळ्यांना सांगतो, काका गावाला गेलेत. शेवटी शाळेतल्या खारूबाईंना तो खरं काय ते सांगतो, आणि खारूबाई म्हणतात, "बरं केलंस सांगितलंस. यात तुझी काही चूक नाही." एवढंच. काका शेवटी बरे झालेले दाखवायचे, असा दिग्दर्शकाचा हट्ट होता. भाऊ म्हणाला, मी अजून झालेलो नाही. मग शेवटी काका नुसते दवाखान्याच्या वाटेला लागले.

ध्वनिमुद्रणाचा दिवस आत्याला फार जड गेला. दिग्दर्शकाला काट्या रडायला हवा होता. सहा वर्षांत काट्या कधी रडला नव्हता. चिडला होता, रुसला होता, भोकाड पसरून खोटं खोटं ओरडला होता. खरं रडायला गेलं की आत्याचा घसा दाटायचा आणि काट्या नाहीसा व्हायचा, उरायची एक प्रौढ बाई. सात वेळा केलं, सात वेळा फसलं. काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला, "थांबू या का?"

"एकदा न रडता बोलून बघते," आत्या म्हणाली.

आणि काट्याच्या त्याच आगाऊ आवाजात, जणू हवापाण्याच्या गप्पा मारतोय अशा सुरात, ती बोलली. "काका दार उघडत नाहीत. मी पायरीवर बसलोय. शेजारचे कपडे वाळत घातले होते, ते वाळले."

काचेपलीकडून दिग्दर्शकाने बटण दाबून सांगितलं, "हेच ठेवू."

ही फिल्म पहिलीसारखी गाजली नाही. तिच्यावर दोरीच्या उड्या मारता येत नव्हत्या. काही मुख्याध्यापकांनी ती परत पाठवली, मुलं उदास होतात म्हणून. पण एका शाळेच्या बाईंनी डॉक्टरीणबाईंना कळवलं की फिल्म संपल्यावर दोन भावंडं वर्गातच बसून राहिली आणि त्यांनी आपल्या आईबद्दल सांगितलं. पुढे आणखी दोन शाळांतून तसंच पत्र आलं. डॉक्टरीणबाईंनी ती पत्रं आत्याला वाचायला दिली आणि म्हणाल्या, "धाकाची फिल्म मी शाळांतून काढून घेतलीय." फिल्म निघाली, यमक नाही निघालं. ते पोरांच्या तोंडी पुढे कैक वर्षं राहिलं. रस्त्यात ते कानावर पडलं की आत्या थांबायची, पोरांना गाठायची आणि सांगायची, हे चूक आहे, मीच म्हटलं होतं. पोरं तिच्याकडे आ वासून बघायची. विश्वास ठेवायला तयार नसायची.

भावाचं सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. वर्षभराने तो पुन्हा घसरला, पुन्हा केंद्रात गेला. त्यावेळी चिवीने शाळेत स्वतः बाईंना सांगितलं आणि दोन महिने मधल्या सुट्टीत ती बाईंच्या शेजारी बसून डबा खायची. आता तो कारखान्यात बसून मोटरी बांधतो. उभं राहायचं काम जमत नाही. दर महिन्याला तपासणीला जातो. चांगले दिवस वाईट दिवसांपेक्षा जास्त आहेत, असं तो विचारणाऱ्याला सांगतो आणि त्याहून मोठा शब्द देत नाही. चिवी पंधरा वर्षांची झाली. काट्या तिला आता बालिश वाटतो.

काट्याची मालिका बंद पडून दोन वर्षं झाली. आत्याचा घसाही आता वरच्या पट्टीत फार वेळ टिकत नाही. आठवड्यातून दोनदा ती डॉक्टरीणबाईंच्या माणसांबरोबर शाळांमध्ये जाते. फिल्म दाखवतात, मग ती मुलांशी बोलते. सुरुवातीला दोन मिनिटं काट्याच्या आवाजात, मुलांनी मागितलं म्हणून, आणि पुढचं सगळं स्वतःच्या. पोरं वाट्टेल ते विचारतात. काट्याला किती काटे आहेत? तुमच्या पोटात तो कुठे असतो? मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, तुम्ही स्वतः कधी खाल्लीत का हो गोळी? ती म्हणाली, नाही, पण खाणाऱ्याला पाठीशी घातलं, दीड वर्ष.

तास संपल्यावर बाकीचे लोक पडदा गुंडाळतात, वायरी गोळा करतात, गाडीत जाऊन बसतात. आत्या लगेच निघत नाही. पोरं दंगा करत बाहेर पडतात आणि बहुतेक वर्गांत एखादं पोर मागे राहतं. त्याला दप्तर भरायला फार वेळ लागतो. एक वही आत जाते, बाहेर येते, पुन्हा आत जाते. आत्या त्याच्याकडे पाहत नाही. फळ्याशेजारची बुटकी खुर्ची ओढून घेते, तिच्यावर बसते आणि त्याची दप्तराची चेन लागेपर्यंत थांबते.